गॅसच्या पुस्तकातले अकरा शब्द

जर्मनीहून परत आल्यापासून ब्लाउज शिवायला येणारी प्रत्येक बाई माप देता देता विचारते, "काकी, बर्फ बघितला का?" नाही बघितला. सप्टेंबर होता. मग विचारतात, "एवढं काय काम काढलंत तिकडं?" ते मात्र माप घेता घेता सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

आधी काम सांगते, म्हणजे प्रवास कळेल. आमचे हे मस्कतला इलेक्ट्रिशियन होते. तिथे खोलीतल्या एका केरळच्या मित्राने त्यांना डिजिटल नाण्यांचं शिकवलं. हातात धरता येत नाहीत, बँकेत दिसत नाहीत, पण असतात म्हणे. हे त्यात थोडं थोडं घालत राहिले. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"कागद-पेन घे. बारा शब्द सांगतो, हीच चावी. कुणाला दाखवायचे नाहीत. सख्ख्या भावालाही नाही."

हाताशी गॅसचं पुस्तक होतं. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर ऐकू येईल तसे मराठीत लिहीत गेले. अंब्रेला. ब्लँकेट. टॉरटस. लेमन. इंग्रजी मला पाचवी ते सातवी एवढंच. विचारलं, "लेमन म्हणजे लिंबूच ना हो?"

"हो गं. राइट."

"लिहितेच आहे की! घाई कशाला करता?"

ते मोठ्याने हसले आणि पुढचे शब्द सांगू लागले. इतक्यात फॉल-पिकोची साडी घेऊन बाई दारात आली. "झाले बारा?" "झाले, झाले." बाई गेल्यावर मोजले तर अकरा भरले. फोनवर परत विचारायचं नाही असं त्यांनी बजावलेलं. म्हटलं, दिवाळीला येतीलच, तेव्हा विचारू. ते दिवाळीच्या आधीच गेले. सामानात त्यांचा फोन आला, तोही बंद कुलपाचा. त्यांच्याकडचा कागद आलाच नाही.

एक शब्द माझ्या हातून सांडला आणि त्यांची सगळी मिळकत त्याच्याबरोबर गेली, हे मी तीन वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. गॅसचं पुस्तक तेवढं पर्समध्ये घेऊन फिरत होते. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर पासपोर्ट बघणाऱ्या साहेबाने "पर्पज?" विचारलं, तेव्हाही माझा हात पर्सवरच होता.

एश्बॉर्न

मला बोलावलं होतं केतकीने. ही माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात कायद्यात पीएचडी करते आणि नवऱ्याबरोबर, म्हणजे निखिलरावांबरोबर, एश्बॉर्नला राहते. गाव कसलं, सगळी काचेची ऑफिसं. सकाळी माणसं लोकल गाडीतून, एस-बानमधून, उतरतात आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत जातात. रस्त्यावर एक माणूस मोठ्याने बोलत नाही. मला वाटलं, कुणी गेलंय की काय.

केतकीचा विषय मी तिच्याकडून चार वेळा समजून घेतला. बऱ्याच देशांत आता कायदा होतोय की ही न दिसणारी नाणीसुद्धा मालमत्ताच धरायची. म्हणजे चोरीला गेली तर चोरी, माणूस गेला तर वारसाहक्क. मग तो कायदा सगळ्यांवर सारखा पडतो की कुणाला जास्त टोचतो, हे आधी तपासायचं असतं. बाईला, म्हाताऱ्याला, अपंगाला, परदेशातून आलेल्याला. त्यासाठी तिच्या मार्गदर्शक बाई, फ्राऊ लिंडनर, एक बैठक घेणार होत्या आणि प्रत्यक्ष ज्यांच्यावर गुदरलंय अशा कुणाचं तरी ऐकायचं होतं. केतकीला मी नाणी आहेत आणि त्यांचे शब्द कुणाला दाखवायचे नाहीत, एवढंच सांगितलेलं. अकराचं नाही.

"म्हणजे ब्लाउज सगळ्यांना बसतो का ते बघायचं," मी म्हटलं.

"गेनाऊ!" ती म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर. हा शब्द ती श्वास घ्यावा तसा वापरते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. केतकी कामावर गेली होती. मी किल्ली न घेता खाली फिरायला गेले. परत येऊन बघते तर दाराबाहेर घंटांची रांग. आपल्याकडे फ्लॅटचा नंबर असतो. तिथे नंबरच नाही, नुसती आडनावं, तीही बारीक इंग्रजी अक्षरांत. चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत बसले. तेवढ्यात पाऊस आला, घाबरून एक घंटा दाबली. आतून आवाज आला, "जा, बिट्टे?"

मी बोलून गेले, "मी जात नाही, मी केतकीची काकू!"

त्या आजी खाली आल्या, मला वर नेलं, टॉवेल दिला आणि केतकी येईपर्यंत कपात गरम पाणी आणि पुदिना देत राहिल्या. दोन तास आम्ही एकमेकींना आपापल्या भाषेत सगळं सांगितलं. केतकीने नंतर हसत हसत सांगितलं की जा म्हणजे हो. इतक्या चांगल्या बाईला मी काय काय बोलले असेन, या विचाराने आजही कसंसं होतं.

दुसऱ्या दिवशी निखिलरावांनी एक जुना टॅब्लेट टेबलावर ठेवला. "काकू, यात शब्द टाकले की उघडतं. मी इंटरनेट बंद केलंय. तुम्ही एकट्या टाका, मी बाहेर बसतो. काकांनी कुणाला दाखवू नका म्हटलं होतं ना?" असा जावई मिळायला भाग्य लागतं. ते खरंच दार लावून बाहेर बसले.

मी गॅसचं पुस्तक उघडलं. अंब्रेला. ए, एम, बी. ते यंत्र भलतेच शब्द सुचवायला लागलं. टॉरटस तर कुठून सुरू करावं तेच कळेना. लेमनला मात्र एल, ई, एम टाकल्याबरोबर शब्द आपोआप आला, तेव्हा शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. बाकी एकही जुळला नाही. आणि जुळले असते तरी अकराच.

दार उघडून मी म्हटलं, "डोळे दुखतायत हो. चष्मा बरोबर नाही आणला."

चष्मा माझ्या नाकावर होता. निखिलरावांनी बघितलं आणि म्हणाले, "असू दे काकू. चहा घेणार?"

बाड हॉम्बुर्ग

रविवारी तिकडे दुकानं बंद, आवाजही चालत नाही; शिटी होते म्हणून कुकरसुद्धा लावायला केतकी नको म्हणाली. मग आम्ही बाड हॉम्बुर्गला गेलो. मोठी बाग आहे, जुनी झाडं, आणि औषधी पाण्याचे झरे. लोक पेले घेऊन जातात. मीही श्रद्धेने घोटभर घेतलं. गंजलेल्या तव्यात मीठ कालवल्यासारखी चव! थुंकायची सोय नाही, सगळे बघतायत, गिळलं.

"आता शंभर वर्षं जगाल काकू," निखिलराव म्हणाले.

"शंभर वर्षं ही चव राहिली तर नको बाई."

झाडाखाली तपकिरी, चकचकीत फळं पडली होती. मी पदरात गोळा केली, उकडून मीठ लावू म्हटलं. केतकी ओरडली, "काकू, ती खायची नसतात! ती जंगली आहेत, पोट बिघडतं." खायची चेस्टनट वेगळी, ही वेगळी, दिसायला साधारण सारखीच. पदर रिकामा केला. एवढंसं काही चुकलं तरी हल्ली गॅसचं पुस्तक आठवतं. सगळ्या चुका त्या एका चुकीच्या रांगेत जाऊन बसतात.

बाकावर बसल्यावर केतकी म्हणाली, "काकू, उद्या घाबरू नका हं. जे झालं ते सांगा, बास."

"आणि जे झालं ते माझ्याच हातून झालं असेल तर?"

ती पुढे काही विचारायच्या आत मी पर्स मांडीवर घट्ट धरली आणि बागेतल्या बदकांकडे बोट दाखवलं.

फ्रँकफुर्ट

बैठकीचा हॉल तिसऱ्या मजल्यावर होता. प्रत्येकाच्या जागेपुढे नावाची पाटी ठेवायची होती आणि ते काम तिथल्या हाउसमाइस्टरकडे होतं, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस. साठीचा, उंच, हातात कॉफीचा थर्मास. सगळ्या पाट्या उलटसुलट लागलेल्या. फ्राऊ लिंडनरपुढे भलत्याच कुणाचं नाव, वकिलापुढे फ्राऊ लिंडनरचं. लोक उठून पाट्या बदलू लागले. तो लाल झाला, खिसे चाचपत काहीतरी पुटपुटला. त्यात "ब्रिले" असा शब्द आला.

"काय म्हणतोय?" मी केतकीला विचारलं.

"चष्मा घरी विसरलो म्हणतोय."

चष्म्याची काडी त्याच्या शर्टाच्या खिशातून वर आलेली मला दिसली.

आणखी एक दिसलं. सगळ्या पाट्यांत फक्त माझी बरोबर लागली होती. केतकीने तिच्यावर इंग्रजीखाली मराठीतही नाव लिहिलं होतं. चित्रासारखी वेगळी दिसत होती ना, म्हणून ती त्याला ओळखू आली होती.

मी केतकीला काही बोलले नाही. माझं कुणी सांगितलं असतं तर धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं असतं. पण मनात आलं, एवढा शिकलेला देश, आणि इथेही चष्मा घरी राहतो!

आधी वकील बोलले. निळा सूट, बोलणं गोड. केतकी कानात मराठी करून सांगत होती. कायदा सगळ्यांना सारखाच लागू आहे, म्हणून कुणावर वेगळा परिणाम नाही. पडद्यावर तक्ता होता. लिंग, वय, अपंगत्व, धर्म, मूळ देश. प्रत्येकापुढे त्यांनी एकच शब्द लिहिला होता. केतकी म्हणाली, "तटस्थ."

"शिक्षणाचा रकाना कुठे आहे?" मी हळूच विचारलं.

"नाहीये काकू. कायद्याच्या यादीत तो नसतो."

मग माझं नाव पुकारलं. उभी राहिले तेव्हा टेबलाला धरलं होतं. तिथे काय बोलले ते आठवेल तसं लिहिते.

मी म्हटलं, "मी ब्लाउज शिवते. दुकानात तयार ब्लाउज मिळतात, सगळ्यांना एकाच किमतीत, कुणालाही बंदी नाही. पण ते एका मापावर बेतलेले असतात. तुमचा कायदा ज्या माणसाच्या मापावर बेतलाय त्याला इंग्रजी लिहिता येतं. नवऱ्याने मला सांगितलं, ही चावी कुणाला दाखवू नको. पण मला ती लावताच येत नाही. लावायची तर कुणाला तरी दाखवावीच लागणार. ज्याला लिहिता येतं त्याचंच गुपित राहतं. माझं गुपित राहायचं तर कुलूप बंद, आणि कुलूप उघडायचं तर गुपित गेलं."

वकिलांनी नम्रपणे विचारलं, "वकिलाकडे ठेवता आलं असतं ना?"

"साहेब, तुमच्या दारावरची पाटी मला वाचून कोण दाखवणार? त्यालाही घेऊनच यावं लागेल."

दोघेतिघे हसले. वकीलही. मी मात्र हसत नव्हते, कारण पुढचं बोलायचं होतं.

"आणि मी चष्मा विसरले असं खोटं बोलते. बँकेत, पोस्टात, परवा माझ्या जावयाशीसुद्धा. चष्मा पर्समध्ये असतो. वाचता येत नाही म्हणण्यापेक्षा दिसत नाही म्हणणं सोपं जातं. म्हणून तुमच्या तक्त्यात मी सापडणार नाही. माझ्यासारखं कुणीच सापडणार नाही. आम्ही फार चांगले लपतो."

केतकीने ते जर्मनमध्ये सांगितलं.  दाराशी हाउसमाइस्टर उभा होता, मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही. तरी थर्मास टेबलावर टेकल्याचा आवाज आला.

फ्राऊ लिंडनर उठून माझ्याजवळ आल्या. माझ्यापुढे मत लिहायचा एक फॉर्म होता, त्याच्या तळाशी एक मोठा रिकामा चौकोन होता. त्यांनी आपलं पेन माझ्या हातात दिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, "प्लीज, राइट." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "इट इज युवर राइट."

"या दोनदा तेच का म्हणतायत?" मी विचारलं.

केतकी म्हणाली, "दोन वेगळे शब्द आहेत काकू. पहिला राइट म्हणजे लिहा. दुसरा म्हणजे हक्क. उच्चार सारखाच."

"आणि राइट म्हणजे बरोबर, तो?"

"तो हक्कवालाच. स्पेलिंग तेच."

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. लेमन म्हणजे लिंबूच ना हो? हो गं. राइट. मी म्हटलं होतं, लिहितेच आहे की. आणि ते हसले होते. तीन वर्षं मला वाटत होतं, माझ्या चिडण्याला हसले.

इंग्रजी अजिबात येत नसतं तर ऐकलेला शब्द मी मुकाट्याने लिहून ठेवला असता. शाळेत तीन वर्षं "रीड अँड राइट" म्हटलं होतं, तेवढं नेमकं आठवलं आणि तिथेच घात झाला.

चौकोनात मी मराठीत लिहिलं, "मला कुलपाची भाषा येत नाही, म्हणून माझं गुपित मला एकटीला ठेवता येत नाही." अक्षर फार वाकडं आलं.

कॉफीच्या वेळी हाउसमाइस्टर माझ्यासाठी वेगळी बशी घेऊन आला. वेढे दिलेला जाड पाव, ब्रेझेल म्हणतात, त्यावरचे मिठाचे खडे चाकूने खरवडून काढलेले. सकाळी मी ते खडे वेचून बाजूला ठेवताना त्याने बघितलं असणार.  निघताना माझ्या नावाची पाटी त्याने स्वतः माझ्या पर्समध्ये सरकवली. ती आता शिलाई मशीनवर आहे.

पुन्हा एश्बॉर्न

तिकडे बैठका तीनला संपायच्या म्हणजे तीनला संपतात. चार वाजता आम्ही घरी होतो. मी गॅसचं पुस्तक काढून केतकीपुढे उघडं ठेवलं. निखिलराव लगेच उठले.

"निखिलराव, बसा," मी म्हटलं. "आता लपवाछपवी पुरे. हे अकराच आहेत. बाराचे अकरा मी केले."

केतकीने पानावरचे शब्द बोटाने मोजले. मग म्हणाली, "काकू, तीन वर्षं? एकट्या?"

"भीती वाटायची गं. तुझे बाबा काय म्हणतील, सगळे काय म्हणतील. नवऱ्याची मिळकत घालवली म्हणतील."

"कुणी काही म्हणणार नाही, मी आहे ना," ती म्हणाली आणि नाक पुसून टॅब्लेट ओढला. "वाचा."

मी वाचत गेले, ती टाकत गेली. टॉरटसवर दोघंही हसले. "टॉर्टॉइज, काकू, कासव!" असू दे कासव. लेमन झाल्यावर मी थांबले. पुस्तकात लेमनच्या खाली बोटभर जागा सुटलेली होती. तेव्हा हात थांबला होता तो तिथेच. जागा मी रोज बघत होते, कधी नीट बघितली नव्हती.

"इथे," मी म्हटलं. "इथे ते राइट म्हणाले होते. पण मला बरोबर म्हणाले, की लिही म्हणाले, की तो शब्दच होता, देव जाणे."

केतकीने हक्कवाला टाकला, मग पुढचे सगळे. पडद्यावर लाल अक्षरं आली. नाही.

 म्हटलं, झालं. ते नुसतं हो म्हणाले होते, शब्द नव्हताच तो. निखिलरावांनी पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला आणि तो हात तसाच धरून ठेवला.

"आता लिहा-वाला," केतकी म्हणाली.

टाकला. एक क्षण काही झालं नाही. मग लाल अक्षरं गेली आणि पान उघडलं.

केतकी किंचाळली, निखिलराव टाळ्या वाजवायला लागले, खालच्या आजींनी छताला काठी टोचल्याचा आवाज आला. आत काय होतं ते इथे लिहीत नाही. कुणाला सांगू नको म्हणाले होते, तेवढं तरी पाळते. मी आकडा बघितलाच नाही खरं तर. मी तो शब्द बघत होते.

"पुढे डब्ल्यू कशाला?" मी विचारलं.

"तो असतोच काकू. म्हणायचा नसतो."

घरी

केतकीचा परवा फोन आला. बैठकीच्या मसुद्यात तक्त्याखाली एक ओळ वाढली आहे. ज्यांना कुलपाची भाषा येत नाही त्यांच्यावर काय परिणाम होतो, ते वेगळं तपासावं. वकीलसाहेबांना ती ओळ कुठे घालायची यावर अजून हरकत आहे, म्हणून तूर्त ती कंसात आहे. तिचं काय होतं या काळजीने मी आठवड्यातून दोनदा फोन करते. केतकी कंटाळत नाही. या मुलीचे आणि निखिलरावांचे उपकार मी कोणत्या जन्मी फेडणार?

बँकेत मी आता चष्मा लावून जाते आणि म्हणते, इंग्रजी येत नाही, वाचून दाखवा. पहिल्यांदा म्हणताना कान तापले. वाचून दाखवलं त्यांनी.

आणि काल दुपारी गॅसच्या पुस्तकात लेमनच्या खाली सुटलेली जागा भरली. इंग्रजीत, एकेक अक्षर. पहिला डब्ल्यू जरा मोठाच आला. बोलताना त्याला कुणी विचारत नाही, पण त्याला वगळलं तर कुलूप उघडत नाही.